डबलसीट

अलफिया दर रविवारी सकाळी लोकांना सायकलवरून जुनी वणी दाखवायची. त्या दिवशी दोघंच आले होते, घाटंजीचा संघदीप आणि त्याची बहीण पायल.

चढाच्या अरुंद गल्लीत अलफियाची सायकल एकदम जड झाली. तिने उतरून पाहिलं. चाकात हवा होती, ब्रेकही घासत नव्हता.

"ताई, त्या बाईले उतरवा ना," मागून संघदीप म्हणाला. "चढावर डबलसीट कायले घेता?"

"कोणती बाई?"

संघदीपने तिच्या कॅरियरकडे बोट केलं आणि ते तसंच राहिलं. कॅरियर रिकामं होतं. "आत्ता तर होती," तो पुटपुटला.

अलफिया पटकन सायकलवर बसली. "चला, बाहेर निघू," म्हणत तिने पायडल मारलं. सायकल आता हलकी झाली होती. गल्लीबाहेर उन्हात आल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. संघदीपही पोचला. पायल मात्र गल्लीतच पाय टेकून उभी होती.

"पायल, ये ना!"

ती हलेना. अलफिया तिच्याकडे धावली. पायलच्या मागे कोणीच नव्हतं, पण तिच्या खांद्यावरची ओढणी पाच बोटांखाली दबावी तशी दबली होती.

"ताई," पायल रडवेल्या आवाजात म्हणाली, "हिले हात काढायले सांगा ना."