शत्रूची खुर्ची

"अरे, बस की! शत्रूने एवढं लाजायचं नसतं," साहेब म्हणाले, आणि टेबलाभोवती हशा पिकला.

शत्रूच्या खुर्चीत आता त्यांचा जावई होता. या कचेरीतली ती जुनी रीत. संरक्षणाची कोणतीही योजना मंत्र्यांकडे जाण्याआधी समितीतल्या एकेकाने पलीकडच्या खुर्चीत बसायचं आणि शत्रू होऊन ती मोडून दाखवायची. त्या खुर्चीतल्या माणसाला अहो-जाहो करायचं नाही, आणि त्यानेही कोणाची भीड धरायची नाही. घरी ज्याला 'अहो, अजून थोडं घ्या ना' असा आग्रह व्हायचा, त्या कॅप्टन जावयाला सासरे आज बिनदिक्कत अरे-तुरे करत होते. तोफखान्याचे कर्नल आणि नौदलाचे कमांडर त्याची मनापासून मजा लुटत होते.

टेबलावर मोठ्या स्टेशनची लाकडी प्रतिकृती होती आणि माणसं म्हणून शर्टाची बटणं. गेल्या वर्षी याच स्टेशनच्या आत स्फोट झाला, तेव्हापासून साहेबांना अन्न गोड लागत नव्हतं. सगळी नोकरी सरहद्दीवर गेलेली. रणगाडे कुठल्या खिंडीतून येतील हे ते डोळे मिटून सांगत. पण हा नवा शत्रू तुमच्याआमच्यासारखे कपडे घालून, रीतसर तिकीट काढून येतो, हे पचवायला त्यांना फार जड गेलं. पचलं तेव्हा त्यांनी जुने आराखडे गुंडाळून ठेवले आणि नव्याने विचार केला. प्रत्येक स्टेशनला एकच दार, दारात तपासणी; झडतीशिवाय चिटपाखरूही आत जाणार नाही. मोठ्या स्टेशनवर हे सोमवारपासून सुरूही झालं होतं. आज समितीने मान डोलावली की योजना मंत्र्यांकडे आणि तिथून देशभर जायची होती.

त्याच्या आधी कर्नल शत्रू झाले तेव्हा सामानाच्या गाडीतून घुसायला गेले, आणि पकडले गेले. कमांडरांनी हमालाचं सोंग घेतलं, तेही दारातच सापडले. साहेबांची कळी खुलली होती.

"बोल रे, तू कुठून येणार? छपरावरून की गटारातून?"

शत्रूचं बटण काळं असे. जावयाने ते उचललं, दारातून आत न्यायला हात पुढे केला आणि मध्येच थांबला. दाराबाहेर पांढरी बटणं एकमेकांना चिकटून उभी होती. झडतीला वेळ लागतो, म्हणून ही रांग साहेबांनीच सकाळी आपल्या हातांनी मांडली होती. ती दारापासून पार टेबलाच्या कडेपर्यंत आली होती. जावयाचा चेहरा उतरला.

त्याने काळं बटण रांगेच्या मधोमध ठेवलं.

"झालं," तो म्हणाला.

"झालं काय? आत तर ये!"

"आत कशाला येऊ? मला हवी ती सगळी माणसं तूच बाहेर आणून उभी केलीस."

कर्नलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बाहेर आणखी एक तपासणी लावू," कमांडर घाईघाईने म्हणाले.

"मग त्या तपासणीच्या बाहेर रांग लागेल," कर्नल पुटपुटले.

साहेब त्या बटणांकडे असे पाहत राहिले, जणू ती दुसऱ्याच कुणीतरी मांडली होती. एवढा विचार केला, एवढा जीव ओतला, आणि वाचवली काय, तर इमारत! माणसं त्यांनी उघड्यावर काढून ठेवली होती, तीही एका ओळीत.

"हे आधी का नाही बोललात?" खुर्चीचा नियम ते साफ विसरले.

"मलाही आत्ताच कळलं, बाबा. इथे बसल्यावर." जावयाने घड्याळाकडे पाहिलं. "बाबा, तुमची लेक आत्ता तिथेच असेल. हीच तिची गाडीची वेळ."

लेक रोज मैत्रिणीच्या मोटारीने कामाला जायची. 'आता स्टेशनइतकी सुरक्षित जागा गावात नाही,' असं सांगून साहेबांनीच तिला सोमवारपासून आगगाडीने जायला लावलं होतं. त्यांनी फोन काढला आणि दोनदा चुकीचाच नंबर लावला. शेवटी जावयाने नंबर लावला आणि फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला.

"हां बाबा, पटकन बोला," लेकीचा आवाज आला. मागे गर्दीचा कल्ला होता. "काय रांग लावलीय हो तुमच्या लोकांनी! उभं राहून राहून पायांचे तुकडे पडले."

"रांग सोड. आत्ताच्या आत्ता बाहेर पड आणि लांब जा."

हे बोलताना त्यांची नजर कमांडरांवर गेली. कमांडर उठून भिंतीकडे तोंड करून कुणाला तरी फोन लावत होते. कर्नलही खिसे चाचपत होते. रांगेतल्या बाकीच्यांचं काय, या विचाराने साहेबांना लाज वाटली, पण ते लेकीशीच बोलत राहिले.

"अहो, पण झालं काय? एवढ्या वेळाने आता कुठे दार दिसायला लागलंय."

"प्रश्न विचारू नकोस, बाळा. निघ." पलटणी हलवणारा तो आवाज आता रडकुंडीला आला होता.

"बरं बाबा, निघते. पण लगेच नाही जमायचं. माझ्या मागच्या बाई आत्ता येते म्हणून गेल्यात, आणि त्यांची बॅग माझ्यापाशी आहे."