आग्रह

"आमच्या खाऊने मांजरं मरतात ही अफवा आहे हो वहिनी. बघा, मीच खातो," असं म्हणत कंपनीच्या धारप साहेबांनी सोसायटीच्या हॉलमध्ये मांजराच्या खाऊची अख्खी वाटी संपवली.

"कसं लागलं ते पट्ट्यालाच सांगू दे," म्हणत कुसुमने आपल्या मेलेल्या मांजरीचा, चिंगीचा बोलका पट्टा नाडी जोडून त्यांच्या गळ्यात बांधला. जनावराच्या मनातलं माणसाच्या भाषेत सांगणारा हा पट्टाही त्याच कंपनीचा होता.

थोड्या वेळाने साहेब पोट धरून कण्हले.

"छान आहे, अजून वाढ," पट्टा लाडात बोलला. हॉल हसला.

कुसुमने वाटी पुन्हा भरली. "लाजताय काय, घ्या! आमच्यात पाहुण्याला आग्रह करतात."

"बाई, पोटात आग पडलीय!"

"अजून वाढ."

आता कुणी हसत नव्हतं.

"चिंगी तीन दिवस हेच म्हणत होती," कुसुम म्हणाली. "आणि मी मेली कौतुकाने वाढत होते."

"खरंय! दुखण्याचा शब्द आम्हीच काढला पट्ट्यातून! सगळा माल परत घेतो!" साहेब ओरडले.

"अजून वाढ," पट्टा म्हणाला.

कुसुमने पट्ट्याचं ऐकलं.