पेराखाली

वेल चढवायला भिंतीत पट्टी लावून ठोकलेले छत्तीस खिळे. गंजकी कात्री. उशांना टेकवून बसवलेला नवरा. सात महिने, एकही शब्द नाही.

कालिंदीने हॉलच्या भिंतीभर पसरलेल्या मनीप्लांटचा शेंडा धरला आणि मुद्दाम दोन पेरांच्या मधोमध कापला. असं कापलं की देठ कुजतो, फांदी पेराखालीच कापायची, हे दिगंबर तिला अठरा वर्षं ओरडून सांगत आला होता. मग अर्धांगाचा झटका आला आणि ती ओरडच थांबली.

"संतापात कधीकधी शब्द निसटतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "पण फार दिवस गेले, तर आशा धरू नका."

"बघा हं, वाटेल तिथे कापतेय," कालिंदी म्हणाली. "मेला पसारा नुसता!"

कच्. तो पंख्याकडे बघत राहिला. कच्. अर्धी भिंत उघडी पडली. शेवटी कुंडीजवळचं खोड तेवढं उरलं. तेही कापलं आणि तो गप्पच राहिला, तर? तिने डोळे मिटून खोडाला कात्री लावली.

"पे..." मागून घोगरा आवाज आला. "पेराखाली! गाढव!"

कात्री टाकून ती त्याच्याकडे धावली. "पुन्हा म्हणा," ती हुंदके देत म्हणाली. "अहो, पुन्हा गाढव म्हणा ना!"

त्या दिवशी सकाळी, तो झोपेत असताना, तिने अगदी नीट कापलेल्या नऊ फांद्या शेजारणीकडे पाण्यात ठेवल्या होत्या.