काम चांगलं, पण

“मनस्विनी मॅडमचं काम कसं असतं हो? तुम्ही दोघी नांदेडला एकाच ऑफिसात होता ना?”

महादेवप्पा सरांनी सहजच विचारलं. बुद्धप्रियानं चहाचा कप खाली ठेवला. लातूरच्या या क्लासला जीवशास्त्राचं नवं पुस्तक काढायचं होतं. त्यातल्या सगळ्या आकृत्यांचं काम एकाच जणाला मिळणार होतं, आणि ते आपल्याला मिळावं म्हणून ती सकाळच्या एसटीनं नांदेडहून आली होती. सरांनी तिच्या आकृत्या नीट बघितल्या होत्या. हृदयाच्या झडपा बघून मानही डोलावली होती. आणि आता मध्येच हे नाव.

दोघी नांदेडच्या एका प्रकाशनात शेजारी बसून आकृत्या काढायच्या. एकीचा डबा दुसरी खायची. प्रकाशनानं चित्रांचा विभाग बंद केला, तेव्हा दोघी एकदमच बाहेर पडल्या आणि घरी बसून आपापली सुटी कामं करू लागल्या. बुद्धप्रियाला पहिलं काम लगेच मिळालं. ते संपलं, आणि दुसरं काही येईना. भोकरहून आईचा फोन यायचा, “लागलं का गं काम?” ती म्हणायची, “बोलणं चालू हाय.” बोलणं कुणाशीच चालू नसायचं.

मनस्विनीचं मात्र बघावं तेव्हा नवं. रोज स्टेटसला एखादी आकृती. कधी उभं कापलेलं जास्वंदीचं फूल, कधी बेडकाचं पोट, आणि खाली ‘काम सुरू’. बुद्धप्रिया ते पुन्हा पुन्हा उघडून बघायची. रेघ कुठं चुकलीय का ते शोधायची. चुकलेली नसायची, त्यानं आणखीच जीव जळायचा. मागं एकदा मनस्विनीचा फोन आला, तर तो वाजून बंद होईपर्यंत ती नुसती बघत बसली. तिचं भरभरून चाललेलं तिच्याच तोंडून ऐकायची ताकद नव्हती.

“काम चांगलं हाय तिचं,” बुद्धप्रिया म्हणाली. इथं थांबता आलं असतं. “पण वेळेवर देत न्हाई.”

हे धडधडीत खोटं होतं. त्या ऑफिसात मुदतीच्या आधी काम हातावेगळं करणारी एकटी मनस्विनीच होती. बुद्धप्रिया तापानं फणफणली होती, तेव्हा तिच्या वाटणीच्या आकृत्याही तिनंच पुऱ्या करून दिल्या होत्या.

सर खुर्चीत मागं टेकले. खाली क्लास सुटला होता, पोरं गलका करत सायकली काढत होती. सरांनी उठून खिडकी लावली.

“गंमतच आहे,” ते म्हणाले. “परवा त्या इथंच बसल्या होत्या. मी तुमच्याबद्दल विचारलं. त्याही हेच म्हणाल्या. काम चांगलं आहे, पण वेळेवर देत नाही.”

बुद्धप्रिया टेबलावरच्या आकृत्या गोळा करायला लागली.

“नवी बॅच सुरू व्हायच्या आधी मला पुस्तक पोरांच्या हातात पाहिजे. आता तुम्हीच सांगा मॅडम, मी कुणाला देऊ?”

बघून कळवतो, असं म्हणून सरांनी बोलणं संपवलं. बघून कळवतो म्हणजे काय, हे एवढ्या महिन्यांत तिला पाठ झालं होतं.

स्टँडवर ती बाकड्यावर बसली. आधी नुसता संताप आला. हिच्याकडं कामाचा ढीग, आणि तरी माझ्या पोटावर पाय? नांदेडची गाडी लागली, भरली, निघूनही गेली. ती उठली नाही. संताप जरा निवला तसं तिला वाटलं, ज्याचं बरं चाललंय त्याला दुसऱ्याचं वाईट सांगायची गरजच काय? वाईट सांगतं ते भ्यालेलं माणूस. मघाशी ती स्वतःच तशी भ्यालेली बसली होती. म्हणजे मनस्विनी आपल्याला भिते. आपल्याला. क्षणभर तिला चक्क बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली, आणि तिनं फोन लावला.

“मी लातूरला हाय,” ती म्हणाली. “सरांना तुझ्याबद्दल खोटं सांगितलं. वेळेवर काम देत न्हाई म्हणाले मी.”

पलीकडून मनस्विनी म्हणाली, “मी पण.”

“कळलं मला. पण तू कशाला सांगितलंस? तुझ्याकडं तर रोज नवं काम.”

“कुठलं काम गं? जुन्याच आकृत्या टाकून राहिले. बघून कुणी तरी बोलवंल म्हणून. दिवाळीपासून हातात काही नाही.” मनस्विनी बोलतच राहिली. “तू तर काहीच टाकत नव्हतीस. फोन केला, तोही उचलला नाहीस. मला वाटलं, हिला कामातून मान वर करायला सवड नाही. लई जळले मी तुझ्यावर.”

बुद्धप्रियाला हसू आलं आणि डोळेही भरून आले. बाजूची बाई बघायला लागली तशी ती तोंड फिरवून बसली.

“जाऊ दे,” ती म्हणाली. “काम तर गेलं दोघींचंही.”

“गेलं नाही अजून. तू तिथंच थांब. मी पुढच्या गाडीनं निघते, संध्याकाळपर्यंत पोचते.”

“येऊन काय करणार? सर पुन्हा तेच विचारतील.”

“दोघी मिळून काम मागू,” मनस्विनी म्हणाली. “मग सर विचारणार कुणाला?”