दोन अर्धी

नवीनच्या बुबुळाला एक कड होती. तपकिरी, जराशी हिरवट, नखाच्या पांढऱ्या टोकाएवढी रुंद. यंत्रावर हनुवटी टेकवून तो बसला होता. मांडीवरचा हात आपोआप थरथरत होता. डॉक्टर कामिनींनी दुसरा डोळाही पाहिला आणि दिवा बंद केला.

"हे तांबं आहे," त्या म्हणाल्या.

नवीनच्या बापाने, तुलसीरामने, बायकोकडे पाहिलं. "मी काय सांगत होतो? हिच्या म्हायेरचं हाय हे. हिचा काका असाच कापत कापत मेला."

दोन वर्षं विद्यावती हेच ऐकत होती. थोरल्या प्रेमचंदसाठी तिला आपल्या भावाची इंद्राणी हवी होती. त्यांच्यात मामाचीच पोर करत. तुलसीराम म्हणे, त्या थरथरत्या घरातली सून नको. भावाला ती दर वर्षी ऊस तोडून झाल्यावर बघू म्हणून सांगे. इंद्राणीसाठी घेतलेली हिरवी साडी कपाटात होती.

कामिनींनी समजावून सांगितलं. तांबं अन्नातून सगळ्यांच्याच पोटात जातं. थोडं लागतंही. पेशीत ते मोकळं फिरत नाही, प्रथिनं ते हातोहात पुढे देतात. उरलेलं यकृत पित्तातून बाहेर टाकतं. नवीनच्या यकृतात ते बाहेर काढणारं काही तरी बिघडलेलं आहे. नेमकं काय, ते आज, १९८५ सालीही, कुणाला सापडलेलं नाही. मग तांबं साठतं. आधी यकृतात, नंतर मेंदूत आणि डोळ्यांत.

"औषध आहे. जन्मभर घ्यायचं. कलेजी, शिंपले, ऑक्टोपस बंद."

"मी त्याला रोज ग्राँ बासँच्या पवित्र तळ्याचं पाणी देते," विद्यावती म्हणाली. "महाशिवरात्रीला आणलेलं. थरथर जावी म्हणून."

"कशात ठेवता?"

"तांब्याच्या गडूत."

"पाणी चालेल. गडू नको."

मग त्या तुलसीरामकडे वळल्या. "हे एकट्या आईकडून येत नाही. अर्धं आईकडून, अर्धं बापाकडून. दोन्ही अर्धी एका मुलात भेटली, तरच आजार. तुम्ही दोघं नात्यातले का?"

तुलसीराम छताकडे पाहू लागला.

"ह्यांची आई माजी सख्खी आत्या," विद्यावती म्हणाली. "जो काका कापत मेला, तो ह्यांचा मामा."

तुलसीराम औषध आणायला उठला. तो गेल्यावर तिने हळूच विचारलं, "थोरल्याचे डोळे तुमी बघितले. साफ हायेत ना?"

"साफ आहेत. रक्तही चांगलं आहे. त्याला आजार नाही. पण अर्धं त्याच्याकडे असू शकतं. ते कुठल्याच तपासणीत दिसत नाही."

"आनि माज्या भावाच्या पोरीकडं?"

"असू शकतं."



रविवारी विद्यावतीचा भाऊ सत्यदेव त्याच्या गावाहून, प्लेन दे पपायहून, आला. बहिणीच्या हातात पपयांची पिशवी दिली आणि खुर्चीत बसला.

"अलोर, मग काय, दाजी? अजून ऊस उभाच हाय का तुमचा? पोरगी म्हातारी होईल माजी."

तुलसीरामने घसा साफ केला. असं बोलायची त्याला सवय नव्हती.

"नाय, सत्या. यंदा करू. मी उगाच हिच्या म्हायेराला नावं ठेवली. तुजं घर तेच माज्या आईचं घर. मामाचीच पोर करायची आपल्यात. मी पन केली."

सत्यदेव हसला. "आयो! दोक्तेरनं तुमालाच औषध दिलं काय?"

तुलसीरामही हसला आणि बायकोकडे पाहू लागला. इतक्या वर्षांत तिचं म्हणणं त्याने पहिल्यांदाच मान्य केलं होतं. ती खूश होईल, अशी त्याची खात्री होती.

विद्यावतीने भावासमोर चहा ठेवला. पदराने हात पुसले.

"दादा," ती म्हणाली, "इंद्राणीला दुसरीकडं दे."