पुढचा उजवा पाय

पुढचा डावा: कोमट.
मागचे दोन्ही: कोमट.
पुढचा उजवा: गार.

सुतळीने हात तसाच ठेवला. अंगाने बारीक म्हणून तबेल्यात सगळे तिला सुतळी म्हणत. ती शिकाऊ जॉकी, आणि ही तिची पहिली मोठी शर्यत. स्वार होण्याआधी घोडीचे चारही पाय चाचपायचे, ही सवय तिला मास्तरांनीच, तिच्या ट्रेनरनेच, लावली होती. पाय गरम लागला तर सूज. एकच पाय गार लागला तर त्याहून वाईट. डॉक्टरांच्या तपासणीआधी कुणीतरी सूज बर्फाने दाबलेली असते.

तिने वर पाहिलं. मास्तर उभे होते. बोटं लालभडक.

"मास्तर, हिचा पाय..."

"चढ."

"वळणावर मोडेल तो."

"मालक अकराही घोडे दुसऱ्या ट्रेनरकडे न्यायला निघालाय. ही आज पळाली नाही तर तबेल्यात तू, मी आणि माश्या."

"आणि मी पडले तर?"

"कुंपणापासून लांब पड. अंग गोळा करून. चार वर्षं दुसरं काय शिकवलं?" ते हसले नाहीत. "हे बघ सुतळे, तोंड उघडणाऱ्या जॉकीला कुणी घोडा देत नाही. पुढं जायचंय ना? मग तोंड मिटून बस. चढ."

सुतळीने हेल्मेट काढलं आणि ती डॉक्टरांच्या टेबलाकडे चालू लागली. मास्तरांनी मागून हाक मारली नाही.

तपासणीत घोडीच्या हाडाला चीर निघाली. लंगडी घोडी मालकाला पोसायची नव्हती. संध्याकाळी इंजेक्शन देऊन तिला संपवलं.

तिसऱ्या दिवशी शर्यतीच्या पंचांसमोर चौकशी. नियम सरळ होता: ट्रेनरचा परवाना गेला की त्याच्या शिकाऊ जॉकीचाही जातो. हे सुतळीला तिथल्या बाकावर बसल्यावर कळलं.

प्रश्न: बर्फ कुणी लावला?
मास्तर: मी.
प्रश्न: मालकाच्या सांगण्यावरून?
मास्तर: हात माझे होते.
प्रश्न: ही मुलगी तुमचीच शिकाऊ ना?
मास्तर: माझी असती तर गप्प बसली असती.

सुतळीने मान खाली घातली. चार वर्षं एका वाक्यात पुसली गेली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. परवाना टेबलावर ठेवला, त्यावर घडी घातलेला एक कागद ठेवला आणि कुणी जा म्हणायच्या आत ते निघून गेले.

मुख्य पंचांनी कागद उलगडला. मास्तरांनी सुतळीला शिकाऊ करारातून मोकळं केलं होतं. खाली सही, रेसकोर्सच्या कचेरीचा शिक्का.

"पकडला गेल्यावर सुचलं असणार," दुसरे पंच म्हणाले. "शिक्क्यावर तारीख कधीची आहे?"

मुख्य पंचांनी चष्मा नीट केला. मग कागद सुतळीकडे वळवून धरला.

"शर्यतीच्या आदल्या दिवसाची."