पायाशी वजन

सक्करदऱ्यातल्या घराच्या अंगणात तिरडी बांधून झाली, तरी रुपराव बायकोच्या अंगावरच्या कोऱ्या कापडाला पायाकडून टाके घालतच होते. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं एका प्रवासी आगबोटीवर तोफा बसवून ती नौदलात घेतली, तेव्हा ते तिच्यावर खलाशी होते. विणकराचा हात म्हणून मेलेल्यांना कॅनव्हासात शिवून समुद्रात सोडायचं काम त्यांच्याकडे आलं. पंचवीस वर्षांत घरी त्यातलं एक अक्षर बोलले नव्हते. “बाबा, काहून शिवून राहिले? नुसतं गुंडाळाचं असते,” मुलगा म्हणाला. रुपरावांनी हातमागाचं लोखंडी वजन उचलून तिच्या पायाशी ठेवलं आणि वरून कापड ओढून घेतलं. “हे नसलं तं माणूस वर येते गा.” मुलगा त्यांच्याजवळ बसला. “बाबा, मायले पाण्यात नाही सोडत. घाटावर अग्नी द्याले नेऊन राहिलो.” रुपरावांनी मान डोलावली आणि पुढचा टाका घातला.